ब्रेकच्या चाकावरचा गंज

मागच्या महिन्यात सुनेनं मला तिच्या फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुणी माणूस खेळण्यातलं कोरं करकरीत रेल्वे इंजिन हातात धरून त्याला ब्रशनं मळवत होता. काजळी, गंज, तेलाचे ओघळ. "आई, बघा तरी, एवढं सुंदर इंजिन आणायचं आणि वर मुद्दाम घाण करायचं," ती हसत म्हणाली. मी चष्मा लावला आणि शेवटपर्यंत पाहिलं. त्याचा हात चांगला होता. फक्त दाराच्या कडीखाली त्यानं गंजाचा ओघळ तिरका काढला होता, आणि उभ्या पत्र्यावरून पाणी तिरकं उतरत नाही. मी तसं म्हटलं तेव्हा सून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्हाला हो कसं माहीत?" मी म्हटलं, "मी केलंय हे. एकदाच." ती पुढे विचारत राहिली आणि मी भांडी आवरायला उठले. तिला जे सांगता आलं नाही ते इथं लिहिते आहे.

आमचं घर पेणला, गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत. वडील, म्हणजे आमचे अण्णा, दुसऱ्याच्या कारखान्यात रंगकाम करायचे. घरात कुठंही हात टेकला तरी बोटाला कसला ना कसला रंग लागायचा. पाण्याच्या माठावरचं झाकणसुद्धा एका बाजूनं पितांबरी पिवळं झालेलं. आई शेजारच्या बायकांबरोबर पापड लाटायची. दुपारी चार-पाच पोळपाटांवर लाटणी एका तालात फिरायला लागली की झोप यायची, पण झोपायची सोय नसे, कारण अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर नजर ठेवायचं काम माझं. दहाव्या वर्षापासून मी अण्णांबरोबर कारखान्यात जायला लागले. आधी पाट रंगवायचे, मग सोवळ्याचे काठ, मग दागिने. अण्णांची शिस्त एकच होती. मूर्तीवर कुठं भेग, कुठं ओरखडा, कुठं ब्रशचा केस चिकटलेला दिसता कामा नये. पॉलिश पेपर मारायचा, खडूची पूड भरायची, पुन्हा पेपर, मग रंग. "नवी दिसली पायजे," ते म्हणायचे, "आत्ता जन्माला आल्यासारखी." सतराव्या वर्षापर्यंत माझ्या हाताला एवढंच ठाऊक होतं.

त्या वर्षी गणपती होऊन गेले आणि कारखान्यातली गडबड ओसरली, तेव्हा रोह्याहून मामी आली. ती आली तीच चप्पल न काढता पायरीवर बसली आणि आईला म्हणाली, "वन्सं, सुमीला माझ्याबरोबर द्या. हे बोलत नाहीत. जेवत नाहीत. पोरीची माया आहे त्यांना, घरात असली तर बरं वाटेल." हे म्हणजे माझे विसूमामा. त्यांना मूल नव्हतं आणि लहानपणापासून माझे सगळे लाड त्यांनी केलेले. दुसऱ्या दिवशी मी मामीबरोबर पॅसेंजरनं रोह्याला गेले ती चार महिने तिथंच राहिले.

मामांचं घर स्टेशनाजवळच्या चाळीत, दोन खोल्यांचं. गाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची, आणि डब्यांची झाकणं कशी वाजतात त्यावरून मामी मालगाडी की पॅसेंजर ते चुलीपुढे बसून सांगायची. मधल्या भिंतीवर मामांनी स्वतः केलेल्या गाड्यांची फळी होती. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून, सोल्डर मारून ते वीतभर लांबीची इंजिनं आणि डबे करायचे, आणि त्यांना लाल, हिरवा, निळा असा चकचकीत ऑइलपेंट द्यायचे. चाळीतली पोरं बघायला यायची. मी गेले तेव्हा त्या फळीवर धूळ होती. मामा खिडकीशी खुर्चीवर बसलेले असत. मामी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढायची, कधी सुकट आणि पांढरा कांदा. मामा भाकरीचे तुकडे करायचे, ते बिरड्यात भिजेपर्यंत बघत बसायचे आणि ताट तसंच सरकवायचे. आजही बिरडं केलं की मी माझं ताट पुसून खाते. घरातली माणसं हसतात.

मामांचं काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. रोह्याच्या अलीकडे एका कंपनीचं स्वतःचं सायडिंग, म्हणजे माल चढवायचे बाजूचे रूळ होते. ती कंपनी आता राहिली नाही. मामा तिथं डबे जोडायच्या-सोडायच्या शंटिंगच्या टोळीत होते, आणि त्यांच्या जोडीला कासूचा रघू. दोघं दहा वर्षं एकाच शिफ्टला. एक दिवस रघू दोन डबे जोडायला मध्ये उतरला आणि मागे उभा करून ठेवलेला डबा उतारावरून आपोआप आला. मामांनी चौकशीत सांगितलं, की डब्याच्या हँडब्रेकचं चाक गंजून जाम झालेलं होतं, फिरतच नव्हतं. डबा तोपर्यंत भरून निघूनही गेला होता. चौकशी तिथंच मिटली. पण रघूची बायको जनाबाई गावात ज्याला त्याला सांगायची, की विसूनं ब्रेक बांधला नाय, म्हणून माझा माणूस गेला. मामा एकदा तिला भेटायला गेले तर तिनं त्यांच्या तोंडावर दार लावलं. तिथून आल्यावर त्यांनी कामावर जाणं सोडलं.

मी गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी पहिल्यांदा मला नीट हाक मारली. खाटेखालून एक पत्र्याची ट्रंक ओढली आणि जुन्या धोतरात गुंडाळलेला एक डबा बाहेर काढला. मालगाडीचा, उघड्या माथ्याचा, हातभर लांब. एवढा मोठा त्यांनी कधी केला नव्हता. एकेक रिव्हेट सुईच्या टोकानं मागून उठवलेला. बाजूला ब्रेकचं चाक, रुपयाएवढं. रंग नव्हता, नुसता पत्रा.

"सुमे, हा रंगवायचा. पण नवा नाय."

"मग कसा, मामा?"

"जुना. उगाच कसातरी जुना नाय. तो जसा होता तसा. मी सांगीन, तू काढ."

मला पहिले चार दिवस काही जमलं नाही. मी गेरू लावला, काजळी फासली. डबा जुना दिसेना, नुसता मळका दिसला. मामा मान हलवायचे. मग ते म्हणाले, "बघितल्याशिवाय कसं येईल? जा, स्टेशनावर बस." मग मी रोज सकाळी वही घेऊन फलाटाच्या टोकाला बसायला लागले. मालगाड्या तिथं तासन्‌तास उभ्या असायच्या. आयुष्यात पहिल्यांदा मी डाग बघायला शिकले. गंज कुठंही धरत नाही. पाणी जिथं साचतं तिथं तो सुरू होतो, रिव्हेटच्या डोक्याखाली, दाराच्या कोपऱ्यात, आणि तिथून सरळ खाली उतरतो, वर गडद आणि खाली जाता जाता फिका. माल चढवताना जिथून सांडतो तिथं पत्रा पांढुरका होतो. चाकाची बाजू तेलानं काळी, पण रुळावर घासणारी कड आरशासारखी. खडूनं लिहिलेले आकडे पुसून त्यावर पुन्हा लिहिलेले. मी हे सगळं वहीत काढायचे आणि घरी येऊन मामांना दाखवायचे. ते बोट ठेवून सांगायचे, "आपल्या डब्याला हितं पोचा होता. हे दार वाकलेलं. हा पत्रा नवा ठोकलेला, म्हणून कमी गंजलेला."

रंग अण्णांच्या कारखान्यातले उरलेलेच होते, आईनं बरणीतून पाठवलेले. गेरू, पिवडी, कंदिलाची काजळी, टर्पेंटाइन. एकदा ओल्या रंगावर मामीच्या हातून मीठ सांडलं. मी चिडून ते खरवडलं, तर खालचा गंजाचा रंग जागोजाग उघडा पडला, अगदी पोपडे सुटल्यासारखा. मग तेच करायला लागले. आधी गंजाचा थर द्यायचा, त्यावर खडे मीठ चिकटवायचं, वरून डब्याचा तांबूस रंग, आणि तो वाळला की मीठ झाडून टाकायचं. मामा ते बघून हसले. मामी चुलीपुढून वळून बघायला लागली, कारण त्या घरात वर्षभर कुणी हसलं नव्हतं. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले. पुढच्या आठवड्यात दाढी करून बाजारात गेले. मामीनं मला जवळ ओढून माझ्या केसांना तेल लावलं.

थंडी पडली तोवर डबा होत आला. ब्रेकचं चाक तेवढं राहिलं होतं. मी फलाटावरून मुद्दाम निरखून आले होते आणि मला त्या चाकाचा अभिमान वाटत होता. आरे मी गंजलेले काढले, पण गोल कड मात्र गुळगुळीत, काळपट, मधे मधे लोखंडाची चमक दिसणारी. डबा मामांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो सगळीकडून फिरवून पाहिला आणि चाकाशी थांबले.

"हितं गंज पायजे."

"मामा, हात लागतो तिथं गंज धरत नाही. मी सगळ्या डब्यांची चाकं बघितली."

"हा जाम होता."

"मग बरेच दिवस जाम असणार," मी म्हटलं. मी खरंच विचार करत होते, कामाचा. "किती दिवस होता? आदल्या दिवशी कुणी बांधला होता का? म्हणजे तेवढाच गंज काढते."

डबा मामांनी हळूच खाली ठेवला आणि पायात चपला घालून बाहेर गेले. दुपारच्या जेवणाला आले नाहीत. संध्याकाळी आले, खिडकीशी बसले, आणि ताट पुन्हा तसंच सरकलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी सुद्धा.

चौथ्या दिवशी दुपारी ते आतल्या खोलीत पडले होते. मी ओट्यावर बसले होते. मामी माझ्यापुढे येऊन उकिडवी बसली. तिनं आवाज अगदी खाली आणला होता.

"सुमे, लाव गो तो गंज."

"पण मामी, तो तसा नसतो."

"मला ठाऊक आहे नसतो." तिनं दाराकडे एकदा बघितलं. "जाम नव्हता तो. त्यांनी बांधलाच नाही. त्या दिवशी घरी आल्या आल्या मला सांगितलं. मग साहेबांपुढे भीतीनं काहीतरी बोलून गेले, आणि तेच सांगत राहिले. आता त्यांचंच त्यांना खरं वाटत होतं गो. जेवत होते. तू बघितलंस ना जेवताना?"

मामीनं माझे दोन्ही हात धरले. तिचे तळवे राखेनं खरखरीत झालेले होते. "रघू काही परत येत नाही. माझा माणूस तरी राहू दे," ती म्हणाली.

मी आत गेले, बारीक ब्रश घेतला आणि चाकाच्या कडेवर गेरू भरला. दोन थर. वरून काजळीचं बोट. पाच मिनिटांचं काम होतं. मी पुष्कळ मूर्ती रंगवल्या त्यानंतर, पण इतकं नीट काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. ते चाक वर्षानुवर्षं कुणी फिरवलेलं नाही असंच वाटत होतं. मामा उठले, त्यांनी पाहिलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या कासूला जाऊ. तू चल."

आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. नागोठणं येईपर्यंत मामा डबा मांडीवर घेऊन बसले होते, आणि शेजारची बाई विचारत होती, मुलासाठी नेताय का. कासूला उतरून बांधाबांधानं गेलो. जनाबाई अंगणात सुपानं वाल पाखडत होती. पंचविशीची असेल, मला तेव्हा मोठी वाटली. आम्हाला बघून तिचं सूप थांबलं. दार लावायला उठली नाही एवढंच.

"वहिनी," मामा म्हणाले, "हा तो डबा."

त्यांनी धोतर सोडलं आणि डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं तो मांडीवर घेतला. मला वाटलं होतं ती फेकून देईल. ती बघत राहिली. दाराचा पोचा, पांढरट डाग, खडूचे आकडे, सगळ्यावरून तिचं बोट फिरलं. रघूनं घरी कधी डब्यांचं बोलणं काढलं असेल, ते आठवत असावी. मग बोट चाकापाशी आलं.

"एवढा गंजला व्हता?" तिनं विचारलं. मामांना विचारलं, वर न बघता.

मामांनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. डोळ्यांपुढे घरी राहिलेली मामी येत होती, तिचे खरखरीत हात, सरकवलेलं ताट. आणखी थोडा वेळ मी थांबायला हवं होतं. किती, ते मला आजही सांगता येत नाही. एक श्वास, कदाचित दोन.

"व्हय, काकी," मी म्हटलं. "जाम होता."

जनाबाईनं डबा बाजूला ठेवला. उठली, मामांच्या पुढ्यात आली आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मी लई बोलली तुमाला, भाऊ," ती म्हणाली. "गावभर बोलली. माजं चुकलं." मामा तसेच उभे होते. त्यांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. ते तिच्या डोक्यावर ठेवावेत की तिला उचलावं, ते त्यांना कळत नव्हतं.

डबा तिथंच ठेवून आम्ही स्टेशनावर आलो. फलाटावर कुणी नव्हतं. बाकावर बसल्यावर मामा म्हणाले, "तू का बोललीस?"

"तुम्ही बोलत नव्हता म्हणून."

"बोलणार होतो." ते समोरच्या शेताकडे बघत होते. "तेच बोलायला आलो होतो, सुमे. म्हणून गंज राहू दिला. तिला दाखवणार होतो, का या पोरीनं काढलंय ते सगळं खरं आणि एवढं चाकच खोटं. तुझ्या हातचं चाक बघितलं आणि मला माझंच बोलणं दिसलं." मग त्यांनी मला सांगितलं. जेवणाची सुट्टी झाली होती. रघूनं हाक मारली, चल, आधी जेवून घेऊ. मामांनी ब्रेकच्या चाकापर्यंत जायचं टाळलं आणि डबा अडायला एक दगड रुळावर सरकवला. दोघं जेवले. जेवून रघू डबे जोडायला खाली उतरला आणि दगड निसटला.

"मग परत जाऊ या ना, मामा," मी म्हटलं. मी रडत होते. "मी सांगते मी खोटं बोलले."

"पाया पडली गो ती माझ्या," मामा म्हणाले. "आता कसा जाऊ?"

गाडी आली. आम्ही चढलो.

त्यांनी पुन्हा कधी पत्रा कापला नाही. कामावर मात्र गेले, जेवू लागले, आणि लोक म्हणायचे विसू सुधारला. पुढच्या दिवाळीत जनाबाईनं निरोप धाडला, भाऊबिजेला या, मला भाऊ नाय. मामा गेले. त्यानंतर ते वारले तोवर एकही भाऊबीज चुकली नाही. ओवाळून घेऊन यायचे आणि दोन दिवस घरात शब्द काढायचे नाहीत, असं मामी सांगायची. मला ती कधी टाकून बोलली नाही. मीही तिला, गंज लावायला सांगायला नको होतंस, असं म्हटलं नाही. माझं लग्न पेणमध्येच झालं, मुलं झाली, ब्रश हातातून सुटला नाही. मामा गेले तेव्हा जनाबाई सुतकातल्या बहिणीसारखी भिंतीला टेकून बसली होती, आणि मी तिच्यासमोर जायचं टाळलं. तेव्हाही सांगता आलं असतं.

मामी गेली त्या वर्षी मात्र माझ्या लक्षात आलं, की आता हे माहीत असलेली मी एकटीच उरले आहे. तिचे दिवस झाले आणि मी कासूला गेले. जनाबाई म्हातारी झाली होती, पण सुपारी कातरत ओटीवर ताठ बसलेली. मला लगेच ओळखलं. "बस गो बाय," म्हणाली. मी बसले आणि सगळं सांगितलं. चाक, मामीचे हात, माझा "व्हय", दगड. सांगताना मला वाटत होतं की काहीतरी हलकं होईल. तसं झालं नाही. तिनं अडकित्ता खाली ठेवला होता आणि ती अंगणाकडे बघत होती.

"तुला आता बरं वाटंल," ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी काय करू? एवढी वर्सं ओवाळला त्याला."

रस्त्यावरून कुणाची मोटरसायकल गेली. मग तिनं विचारलं, "दगड लावला तवा रघू जेवला व्हता का?"

"दगड आधी लावला. मग जेवले. दोघं एकत्र बसून जेवले, मामा म्हणाले होते."

"पोटभर?"

"ते मला माहीत नाही, काकी. जेवले होते एवढं सांगितलं."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"ह्या टायमाला खरं बोलतंस ना?"

"व्हय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. विश्वास ठेवला की नाही, ते मला कळलं नाही. मग ती भिंतीला हात धरून उठली आणि आत गेली. मी अंधार पडायला लागेपर्यंत ओटीवर बसून होते. ती बाहेर आली नाही.